जरीचे किडे

सन दोन हजार तेवीस. मला सदुसष्ट वर्षं झाली होती. त्या साली थंडी संपता संपता मला कळलं की सोळा वर्षं मी केलेलं काम परदेशात एका घराच्या भिंतीवर काचेमागे टांगलेलं आहे.

काम काय ते आधी सांगतो, कारण ऐकणारा हसतो. मी मनामात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत बिश्त शिवतो. बिश्त म्हणजे अरब लोक लग्नाला, ईदला अंगावर घेतात तो पातळ झगा. त्याच्या गळ्याला आणि पुढच्या काठाला सोन्याची जर असते, ती हाताने भरायची आणि शेवटी लहान पितळी ठोकणीने ठोकून ठोकून अशी बसवायची की बोट फिरवलं तर टाका लागता कामा नये. चोविसाव्या वर्षी रत्नागिरीहून आलो तो याच कामावर. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण माझ्या काठावरचा एक धागा वर आलेला दाखवा म्हटलं तर आजपर्यंत कोणी दाखवलेला नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे.

माझं दुसरं काम म्हणजे किडे बांधणं. लहान गरीवर कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाची लव, रेशमाचा दोरा आणि जरीची तार गुंडाळून पाण्यातला किडा करायचा. थंड देशांत नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. तो गांडूळ, कोळंबी खातोच, पण त्याची खरी नजर पाण्यात जन्मणाऱ्या बारीक किड्यांवर असते. असा किडा गरीला लावता येत नाही, फुटतो. म्हणून तिथले लोक पिसाचा खोटा किडा बांधून तो पाण्यावर टाकतात. मी ट्राउट कधी पाहिलेला नाही. बहरीनमध्ये नदीच नाही, तर ट्राउट कुठला.

हे माझ्या गळ्यात पडलं ते एका गोऱ्यामुळे. मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्त करायच्या कामावर तो इंजिनियर होता, माझ्याच वयाचा. दोन हजार सात साली तो आमच्या दुकानात आला आणि सगळ्यांत बारीक सोन्याची तार वीतभर मागितली. वीतभर जर कोण घेतं? मी विचारलं, कशाला. त्याने खिशातून डबी काढली. डबीत एक किडा होता, केसाळ, विस्कटलेला, कोणी चपलेखाली चिरडल्यासारखा. म्हणाला, याच्यासारखे मी स्वतः बांधतो, त्यावर ही तार गुंडाळायची असते.

मी म्हटलं, "मिस्टर, हे ज्याने बांधलंय त्याचा हात धरून शिकवायला पाहिजे."

तो हसला. "उस्ताद, तू बांधशील?"

त्या आठवड्यात मी बांधला. त्याने दिलेला नमुना समोर ठेवला आणि त्यातल्या चुका काढून टाकल्या. सुटलेली लव दोऱ्यात पिळून बसवली. पिसाचे तुसे एका मापाने कापले. पंख जोडीने उभे केले. अंगावर जर गुंडाळली, हलक्या हाताने ठोकली, डोक्याला वॉर्निशचा थेंब दिला. मिस्टरने भिंग लावून पाहिला, उलटा करून पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "ब्युटिफुल."

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो सुटीवर जाण्याआधी मी डझन-दोन डझन किडे बांधून द्यायचो. पिसांसाठी मी कोंबडीवाल्यांकडे फिरलो, कबूतरवाल्यांकडे फिरलो. उंटाची लव लावून पाहिली, बकरीची लावून पाहिली. माझा खोलीवाला, एकाच खोलीत राहतो आम्ही, राजापूरकडचा, गोदामात कारकून, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "मास्तर, मच्छराचं माप घेतलंत का? बाही किती ठेवलीत?" म्हणू दे. बिश्तांचं निम्मं काम आता मशीनवर होतं. किडा मशीनवर होत नाही, हे मला ठाऊक होतं आणि ते मला पुरेसं होतं.

तर तेवीस साली एका गुरुवारी दुपारी मिस्टर दुकानात आला. म्हणाला, खलास, नोकरी संपली, पुढच्या शनिवारी कायमचा चाललो. चहा मागवला. बोलता बोलता त्याने फोनमध्ये गावच्या घराचे फोटो दाखवले. हे आवार, ही नदी, ही बसायची खोली. बसायच्या खोलीच्या भिंतीवर काचेची मोठी चौकट होती, आत हिरवी मखमल, आणि मखमलीवर ओळीने टोचलेले किडे.

ते किडे कोणाचे हे मला विचारावं लागलं नाही. आपली शिवण माणूस लांबून ओळखतो.

"सगळे इथे?" मी विचारलं.

"सगळे. येणारा जाणारा बघत उभा राहतो."

"आणि मासा?"

त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"मासा, मिस्टर. मासा कशावर पकडतोस?"

त्याने फोन खिशात टाकला. मग हळू बोलला. पहिल्या वर्षी त्याने माझे किडे नदीत टाकले होते. ट्राउट वर यायचा, किड्याच्या खाली थांबायचा, बघायचा, आणि फिरून जायचा. दोन आठवडे रोज. एकाही माशाने तोंड लावलं नाही. म्हणून त्याने चौकट करून घेतली. "फेकायला हात होईना, उस्ताद. इतकं सुंदर काम."

मी चहा संपवला. पेला धुऊन उपडा ठेवला. त्याला म्हटलं, "यल्ला, तू जा आता, मला काम आहे." काम काही नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर मला बसवेना. पलंगावर बसलो, उठलो, गॅलरीत गेलो, आत आलो. खोलीवाला भात लावत होता. त्याला सांगितलं. वाटलं होतं हसेल, तो हसला नाही, हे जास्त वाईट.

"मास्तर, त्याला आवडलं ना? भिंतीवर लावलं म्हणजे मान दिला."

"अंगावर न घातलेला बिश्त कधी पाहिलास कपाटात? त्याला काय म्हणतात माहीत आहे? चिंधी."

"मग आता काय? ट्राउट आणायचा कुठून?"

"नऊ दिवस आहेत. त्याच्या हातात मासा खाईल असा एक किडा देणार. नाही जमलं तर गरी धरायचा शिकंजा, पिसं, सगळं तुझ्या कचऱ्याच्या पिशवीत. आणि सुईलाही हात लावणार नाही, घरी जाईन."

"सुईचा काय संबंध?"

संबंध होता. ज्या हाताने सोळा वर्षं मला फसवलं, त्याच हाताने मी बिश्त भरत होतो. एकदा शंका आली की ती कुठे थांबते?

बुदैयाच्या रस्त्याला आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची खजुराची बाग आहे. बागेत पाण्याची मोठी उघडी टाकी, छातीएवढ्या उंचीच्या भिंतीची, तिच्यात तिलापिया मासे सोडलेले, वितीएवढे. दुसऱ्या दिवशी जुम्म्याची नमाज झाल्यावर खोलीवाल्याच्या गाडीतून आम्ही तिथे गेलो. खजुराच्या झावळीचा दांडा घेतला, त्याला नायलॉन बांधलं, नायलॉनला माझा एक किडा. उरलेसुरले तेवीस किडे दुकानाच्या खणात होते, त्यातला सगळ्यांत देखणा निवडून नेला होता.

लहानपणी मी खाडीत गरवायचो. कोळंबी लावली की बोय मासळी कशी धावते ते मला ठाऊक आहे. त्याच हिशोबाने किडा पाण्यावर अलगद ठेवला. तो सोन्यासारखा चमकत तरंगला. खालून एक काळी सावली वर आली. किड्याच्या बोटभर खाली थांबली. तिने बघितलं, मी शपथेवर सांगतो, आणि मग शेपटी हलवून खाली गेली. दुसरा आला, तोही तसाच. तिसरा आला नाहीच.

"ट्राउटने बातमी पाठवली वाटतं इथे," खोलीवाला म्हणाला.

मी दांडा त्याच्या हातात दिला आणि टाकीच्या भिंतीवर पोट टेकून वाकलो. ऊन उतरलं होतं. टाकीवर चिलटं उडत होती. तेव्हा दिसलं की मासे वर येत होते, पाण्याला ओठ लावत होते आणि कसलासा चट असा आवाज होत होता. खात होते काहीतरी. माझं सोडून खात होते.

डोळ्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून खिशातलं भिंग काढलं. पाण्याच्या अगदी वरच्या सायीला खालून काळे तुकडे लोंबत होते, शिवणीतून निघालेल्या दोऱ्याएवढे. एक तुकडा माझ्या नाकासमोर होता. त्याची पाठ उसवली. खरंच उसवली, वरून खाली. आतून चिलट बाहेर यायला लागलं. अर्धं कातीत, अर्धं बाहेर, पंख चुरगळलेले, पाय कुठेही. आजूबाजूला एक मासा फिरला आणि ते गेलं. पूर्ण बाहेर येऊन, पंख वाळवून, नीट पाय रोवून पाण्यावर उभं राहिलेलं एक चिलट शेजारीच होतं. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. ते क्षणात उडून गेलं.

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष नव्हतं. दुकानात बिश्तचा काठ भरताना मन टाकीवर. काळं रेशीम घेऊन किडा बांधायचा, पाठ उसवलेली दाखवायची, पंख चुरगळलेले. बांधायचो. बघायचो. चुरगळलेले पंखसुद्धा दोन्ही बाजूंना सारखे चुरगळलेले. लव मोकळी सोडायची म्हणून सोडली की शेवटचा वेढा घेताना बोट आपोआप तिला चेपायचं. मी उसवायचो, पुन्हा बांधायचो. सोमवारी बांधलेला मंगळवारी उसवला. बुधवारी मालकाने विचारलं, मास्तर, तब्येत बरी नाही का, सारखे आत-बाहेर करताय. मी म्हटलं, तुमचा काठ भरून झालाय तो बघा आधी. त्याने बघितला आणि आपल्या गल्ल्यावर जाऊन बसला.

गुरुवारी एक जमला असं वाटलं. काळा, बारीक, पाठीवर कातीची फट. शुक्रवारी मिस्टरला फोन करून बागेत बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं विमान. तो आपली काठी घेऊन आला, लांब, वेताच्या छडीसारखी लवणारी.

"उस्ताद, ट्राउट आणि हे टाकीतले मासे वेगळे."

"चिलट खायला तेही वरच येतात. टाक."

त्याने काठी हलवली. आमच्याकडे गरी फेकतात, हा दोरी हवेत लिहिल्यासारखी काढतो. किडा पाण्यावर पडला, पडल्याचा आवाजही नाही. मासा वर आला.

थांबला.

गेला.

मिस्टरने दोरी ओढून घेतली. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. पाच वेळा. खोलीवाला गाडीला टेकून उभा होता, त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"पहिल्याच वर्षी सांगायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलो. "सोळा वर्षं! सोळा वर्षं ब्युटिफुल, ब्युटिफुल! मी काय लहान पोर आहे?"

मिस्टरने दोरी गुंडाळली. मग तो माझ्याइतकाच मोठ्याने बोलला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. परत आलो त्याच आठवड्यात तुझ्या दुकानात आलो. म्हटलं, उस्ताद, थोडं सैल बांध, थोडी लव सुटू दे. तू काय म्हणालास?"

मी टोपी सारखी केली.

"तू म्हणालास, सैल काम पाहिजे तर पलीकडच्या गल्लीत जा. आणि दुकानाचा पंखा बंद केलास."

आठवलं मला. पंखासुद्धा आठवला. गिऱ्हाइकाला घालवायचं असलं की मी पंखा बंद करतो, ही माझी जुनी सवय आहे. त्या दिवशी मला वाटलं होतं, गोऱ्याला काम कळत नाही. दुसऱ्या दिवशी तो परत आला, चूक झाली म्हणाला, आणखी एक डझन मागितले. मी समजलो, आला वळणावर. त्याला ते किडे नको होते. त्याला दुकानात येऊन बसायचं होतं, चहा प्यायचा होता, एवढंच.

मी हात पुढे केला. म्हटलं, "दे तो किडा."

माझ्या टोपीच्या कडेला एक सुई कायम खोचलेली असते. ती काढली. किडा डाव्या हाताच्या नखावर धरला आणि सुईचं टोक त्याच्या अंगात घालून उसकटायला लागलो. लव ओढली. रेशमाचा एक वेढा तोडला. जर तोडली. पंख एका बाजूला दाबून टाकला. चाळीस वर्षं जे करू नये म्हणून शिकलो तेच करत होतो. खोलीवाला जवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, राहू द्या, उगाच खराब करताय." मी करतच राहिलो. शेवटी नखावर जे उरलं ते कोणी चपलेखाली चिरडल्यासारखं दिसत होतं.

मिस्टरने डबीतून त्या पहिल्या दिवशी दाखवला होता, तो हाच. माझ्या हातात नमुना होता आणि मी त्यालाच सुधारत बसलो होतो.

त्याने तो टाकला. यावेळी किडा तरंगला नाही, अर्धा बुडाला आणि सायीला लोंबत राहिला. सुटलेल्या लवेत हवेचे बारीक बुडबुडे अडकले होते, ते पाण्यात चमकत होते. अख्ख्या जरीत ती चमक नव्हती.

सावली वर आली. थांबली नाही. ओठ लागले, चट झालं, आणि काठी वाकली.

मिस्टरने अशी आरोळी ठोकली की बागेतली कबुतरं उडाली. खोलीवाला "सुब्हानल्ला, सुब्हानल्ला" करत टाकीवर वाकला आणि त्याचा चष्मा पाण्यात पडला. तो काढायला आम्हाला माशापेक्षा जास्त वेळ लागला. मासा वितीएवढाच होता. मिस्टरने ओल्या हातात धरून गरी सोडवली आणि तो माझ्या हातात दिला. मी त्याच्या तोंडात बघितलं. मग पाण्यात सोडला.

परतीच्या गाडीत मिस्टर म्हणाला, "उस्ताद, तो किडा मला दे. घरी चौकटीत मधोमध लावतो. सगळ्यांना गोष्ट सांगेन."

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

खोलीवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मिस्टरला त्याच्या इमारतीशी सोडलं, तो उतरला, हात मिळवला, आणि मी काच वर केली. मला राग आला नव्हता. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस पुन्हा तेच करणार. मान देणार आणि काचेत घालणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून मी चालत दुकानात गेलो. शटर अर्धंच वर केलं. खणातून ते तेवीस देखणे किडे काढले आणि दाढीच्या ब्लेडने एकेक कापला. पिसं, लव, जर सगळं सोलून काढलं, नुसत्या गऱ्या राहिल्या. त्यांतल्या सात गऱ्या शिकंज्यात घेऊन सात किडे बांधले. सातही सैल, सातही सुईने उसकटलेले. सातव्याला कमी उसकटावं लागलं, हात आता ऐकत होता. मग ते नेहमीच्या मखमलीच्या डबीत न ठेवता कागदात गुंडाळले आणि बस पकडून मिस्टरच्या इमारतीशी गेलो. टॅक्सी दारात उभी होती, सामान चढत होतं. मी कागद टॅक्सीच्या बॉनेटवर उलगडला. त्याने भिंग काढायला खिशात हात घातला. "बघायचं नाही, नदीत टाकायचं," मी म्हटलं. त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, बूच काढलं, आणि सातही किड्यांवर पाणी ओतलं, पार चिंब होईपर्यंत. मग तो ओला कागद त्याच्या मुठीत दिला, टॅक्सीवाल्याला यल्ला म्हटलं, आणि दुकानात जाऊन अर्धा राहिलेला काठ भरायला बसलो.